धुरातले बेक्ड बीन्स: ४ जुलैपर्यंतच्या नोंदी

२६ मे २०२५, सोमवार (मेमोरियल डे)

ठरलं एकदाचं. ४ जुलैला आमच्याकडे, ओव्हरलँड पार्कला, पंचवीसेक माणसं जेवायला येणार, ब्रिस्केट (गाईच्या छातीकडचं मांस) नवऱ्याकडे आणि बीन्स माझ्याकडे. इथे कॅन्सस सिटीच्या बार्बेक्यूत बीन्सना मान आहे, नावाजलेल्या जागी बीन्सचा ट्रे पिटमध्येच, म्हणजे धुराच्या भट्टीतच, मांसाच्या खाली ठेवतात, वरून चरबी आणि रस ठिबकत राहतो, आणि ब्रिस्केटच्या टोकाचे काळपट कुरकुरीत तुकडे, ज्यांना बर्न्ट एंड्स म्हणतात, तेही त्यातच पडतात. चव तिथूनच येते आणि आमची अडचणही तीच आहे, कारण येणाऱ्यांतले निम्मे शाकाहारी, घरी सासूबाई उन्हाळ्यापुरत्या आल्यात त्याही शाकाहारी, आणि दरवर्षी या मंडळींच्या ताटात काय पडतं तर मक्याचं कणीस, कोलस्लॉ आणि डब्यातले गोडमिट्ट बीन्स. डब्यातले घेतले तरी लेबल वाचावं लागतं, बऱ्याच कंपन्यांच्या साध्या बेक्ड बीन्समध्येही बेकन असतं.

तर यंदा मांसाशिवाय, पण खरोखर धुरातले बीन्स करायचेत. बाटलीतला लिक्विड स्मोक, म्हणजे धुराचा अर्क, वापरायचा नाही हे आत्ताच लिहून ठेवते. मांसवाल्यांसाठी वेगळा ट्रे करू, त्याची मला फारशी काळजी नाही, तिथे ब्रिस्केट आपलं काम करेलच. माझा जीव शाकाहारी ट्रेमध्ये आहे.

३१ मे, शनिवार

आज फक्त दाणा. नेव्ही, ग्रेट नॉर्दर्न आणि पिंटो, तिन्ही जातींचे कोरडे बीन्स (राजम्यासारखं कडधान्य) आणले आणि रात्रभर वेगवेगळे भिजवले. भिजवताना पाण्यात मीठ घातलं, साधारण ४ लिटरला ३ टेबलस्पून. मीठ घातलं की कडधान्य शिजत नाही असं आपल्याकडे म्हणतात पण भिजवण्याच्या बाबतीत उलट आहे, मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते, शिजताना फाटत नाही. सासूबाईंना हे पटेना. "अगं, वाल कधी मिठात भिजवतात का?" म्हणाल्या, म्हणून एक वाटी नेव्ही बिनमिठाचे पण ठेवले. सकाळी दोन्ही शिजवून त्यांच्यासमोर ठेवले, बिनमिठाच्यांची साल बऱ्याच दाण्यांवर उललेली होती, मिठाच्यांची जागच्या जागी. त्यांनी दोन्हींतले चार-चार दाणे खाऊन पाहिले आणि "बरं" म्हणाल्या, आता पुढचे वाल मिठात भिजणार हे मला त्यातच कळलं.

नेव्ही बीन्सच नक्की केले. छोटा पांढरा दाणा, अमेरिकन नौदलाच्या जेवणात वर्षानुवर्षं असायचा म्हणून हे नाव. पिंटोची चव मला जास्त आवडते पण तो पिठूळ होऊन फुटतो आणि सॉस गढूळ करतो, चार तास ढवळत राहायचं तर दाणा टिकणारा हवा. ग्रेट नॉर्दर्न मधलाच, चालला असता.

कुकरमध्येही एक घाणा लावून बघितला. वेळ वाचतो, पण वाफ उतरताना आतले दाणे धक्का खातात आणि तळाशी लगदा होतो. आमटीला चालेल, इथे नाही. उघड्या भांड्यात, मंद आचेवर, तासभर.

१ जून, रविवार

हा प्रयोग मुद्दाम गॅसवरच केला. अर्धे बीन्स पूर्ण मऊ शिजवून मग मोलॅसिस (उसाची दाट काळी मळी), व्हिनेगर, केचप घातलं, आणि अर्ध्यांत ते अर्धकच्चे असतानाच घातलं. दुसरं भांडं पुढे तीन तास उकळत ठेवलं तरी दाणा दाताखाली कच्चटच लागतो. कारण दोन. आंबट पदार्थ दाण्याच्या पेशींना जोडणारं पेक्टिन विरघळू देत नाही, आणि मोलॅसिसमध्ये कॅल्शियम भरपूर असतं, ते त्याच पेक्टिनला आणखी घट्ट करतं. चिंचगूळ डाळ शिजल्यावर घालायचा हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं, तोच नियम.

पण याची दुसरी बाजू पण महत्त्वाची आहे आणि तीच मला जास्त आवडली. आधी पूर्ण शिजलेला दाणा सॉसमध्ये गेला की मग तो चार तास, सहा तास राहिला तरी विरघळत नाही, सॉसच त्याला धरून ठेवतो. म्हणून तर बीन्स इतका वेळ धुरात ठेवता येतात.

शिजलाय कसा ओळखायचा: चमच्यात दोन-तीन दाणे घ्यायचे आणि हलकी फुंकर मारायची. साल मागे वळून सुटली की झाला. न्यू इंग्लंडकडची जुनी युक्ती आहे. आज पहिल्यांदा नीट बघितलं, पातळ कागदासारखी साल एका बाजूने उचलली जाते, कडेला गोळा होते आणि खालचा दाणा गुळगुळीत ओला दिसतो. लेकीला इतकं आवडलं की तिने निम्मी वाटी फुंकून संपवली.

७ जून, शनिवार

आज केटल, म्हणजे झाकणाची गोल कोळशाची शेगडी, बाहेर काढली. २२ इंची, वेबर कंपनीची, नवऱ्याचा मोठा स्मोकर मी या कामाला घेत नाही, ४ तारखेला तो ब्रिस्केटला लागणार आहे. तशी ही केटल मला आवडते पण, १९५२ साली शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसाने पाण्यात तरंगणाऱ्या बोयाचे दोन अर्धे गोल घेऊन ती बनवली, तो ज्या कारखान्यात होता तिथे बोये बनायचे. झाकण बसलं की वारा-पाऊस काही आत जात नाही आणि मंद आच तासन्‌तास टिकते.

निखाऱ्यांची मांडणी: कोळशाच्या ब्रिकेट्स (दाबून केलेल्या वड्या) कडेकडेने अर्धवर्तुळात, दोन शेजारी आणि दोन वर, आणि एका टोकाला दहा-बारा पेटलेल्या. आग टोकाकडून हळूहळू पुढे सरकत जाते, मध्ये हात लावावा लागत नाही. त्यावर हिकरी लाकडाचे मुठीएवढे ठोकळे अंतराअंतरावर. लाकूड भिजवत नाही, भिजवलं की आधी नुसती वाफ निघते आणि आच पडते. खालची झडप पाव उघडी, वरची अर्धी, आणि आतलं तापमान २२५ ते २५० फॅरनहाइटमध्ये (१०७ ते १२१ सेल्सिअस) बसलं.

धूर कसा दिसतो ते बघणं सगळ्यात महत्त्वाचं. सुरुवातीला दाट पांढरा येतो, तेव्हा ट्रे आत ठेवायचा नाही, त्या धुराचा कडवटपणा सॉसमध्ये उतरतो आणि मग कितीही साखर घातली तरी जात नाही, घशाशी बसतो. वीस-पंचवीस मिनिटांनी तो विरळ होतो, निळसर, कधी कधी तर दिसतच नाही फक्त वास येतो. तेव्हा ट्रे.

दोन भांडी शेजारी ठेवली, एक खोल बिडाचं आणि एक पसरट फॉइलचा ट्रे, बीन्स तेच, सॉस तोच. धूर फक्त वरच्या थराला लागतो, तोही ओल्या आणि गार पृष्ठभागाला जास्त. त्यामुळे खोल भांड्यात तीन तासांनी वर धूर आणि खाली नुसते गोड बीन्स, ट्रेमध्ये मात्र दर ४० मिनिटांनी ढवळलं की नवा थर वर येतो आणि धूर अख्ख्या ट्रेत पोचतो. वरचा थर काळपट, चकचकीत, थोडा चिकट दिसायला लागला की ढवळायचा. झाकण घालायचं नाही.

आणि आजचा सगळ्यात कामाचा आकडा. दोन तासांनी बीन्समध्ये थर्मामीटर खुपसला तर १७८ फॅरनहाइट, म्हणजे ८१ सेल्सिअस. केटलमधली हवा २४० ला आणि बीन्सच्या आत १७८! ट्रे उघडा असतो, पाणी सतत वाफ होऊन जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून बीन्स उकळीपर्यंत पोचतच नाहीत. म्हणजे भिजवलेले कच्चे बीन्स थेट स्मोकरमध्ये ठेवून "दिवसभर शिजू देत" हा जो सल्ला लोक देतात तो चवीच्या दृष्टीने वाईट आहेच, पण धोकादायकही आहे. राजम्यात, आणि त्याच जातीच्या पांढऱ्या बीन्समध्येही कमी प्रमाणात, फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं एक प्रथिन असतं, त्याने उलट्या-जुलाब होतात. ते घालवायला किमान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात खळखळ उकळी हवी, दहा मिनिटं पुरतात असं पूर्वीपासून सांगतात पण अमेरिकेच्या एफडीएचा सल्ला अर्ध्या तासाचा आहे. आणि ८० सेल्सिअसच्या आसपास नुसतं गरम केलं तर विषारीपणा कच्च्यापेक्षा वाढूही शकतो. स्मोकरमधलं तापमान नेमकं तेच आहे. तेव्हा कोणी रेसिपी मागितली तर पहिलं वाक्य हेच सांगणार, शिजवायचे गॅसवर, धुराला बाहेर.

११ जून, बुधवार

ऑफिसनंतर सॉस.

वुस्टरशायर सॉस जवळजवळ प्रत्येक रेसिपीत असतो आणि त्यात बहुधा अँचोव्ही म्हणजे मासे असतात, हे आमच्या कित्येक शाकाहारी मित्रांना माहीत नाही. पण त्यात चिंचही असते! मग चिंचेचा कोळ आणि सोया सॉस असं एकत्र घातलं, आंबटपणा आणि खोली दोन्ही आली, वर लसूण. मला तर हे बाटलीपेक्षा उजवं वाटलं. एक चमचा सुक्या शिटाके मशरूमची पूडपण घातली, त्याने मांसाशिवायचा ट्रे पोकळ लागत नाही.

गोडाला दोन पर्याय करून बघितले, मोलॅसिस आणि देशी दुकानातली काकवी. काकवीचा बीन्स सुंदर झाला, पण वेगळा. काकवीत उसाच्या रसाची सगळी साखर असते, मोलॅसिस म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरलेलं, त्यामुळे त्यात ती कडसर काळी चव असते आणि हिकरीच्या धुरासमोर तीच उभी राहते. काकवी धुराखाली दबली. ब्लॅकस्ट्रॅप (शेवटी उरलेलं सगळ्यात काळं मोलॅसिस) मात्र नको, ते फारच कडू, साधं मोलॅसिस घ्यायचं. काकवीचा डबा सासूबाईंनी घावनांसाठी बाजूला ठेवला.

मोलॅसिस बीन्समध्ये आलं कुठून तर बॉस्टनमुळे. कॅरिबियन बेटांवरून ते तिथल्या बंदरात यायचं, रम गाळायला, आणि स्वस्त म्हणून घरोघरी बीन्समध्ये. त्या कॅरिबियन मळ्यांवर राबायला आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली माणसं होती, हे पण त्याच व्यापारात आलं. बॉस्टनमध्ये १५ जानेवारी १९१९ ला मोलॅसिसची एक अजस्र टाकी फुटली, नॉर्थ एंडच्या रस्त्यांवरून लाट गेली आणि २१ माणसं मेली. हे मी आज पहिल्यांदाच सविस्तर वाचलं आणि बराच वेळ बरणी हातात घेऊन बसले होते.

१५ जून, रविवार (फादर्स डे)

नवऱ्याने छोटं ब्रिस्केट लावलं, मी केटलवर कांदे.

याने फरक पडला, मोठा. कांदे आडवे अर्धे कापून, कापलेली बाजू वर, जाळीवर थेट ठेवले, सोबत दोन टोमॅटो आणि एक पोब्लानो मिरची. सव्वा तास. कांदा वरून पिवळट तपकिरी होतो, पाकळ्या सुटतात, बोटाने दाबला तर ओलावा वर येतो, आणि तो चिरून बीन्समध्ये गेला की धूर नुसता वरून लागलेला न वाटता आतून यायला लागतो. मांसवाल्या ट्रेत बर्न्ट एंड्स जे काम करतात ते इथे कांदा करतो. धूर लागलेलं काहीतरी दाताखाली यायला हवं, फक्त सॉसला वास असून भागत नाही. मी इतके दिवस धूर वाढवायच्या मागे होते, खरं हवं होतं ते हे.

चरबीच्या जागी लोणी, वरून तुकडे टाकून. धुराचा वास स्निग्धात चांगला मुरतो.

मांसवाला ट्रे पण आजच तपासून घेतला. ब्रिस्केट कागदात गुंडाळायच्या आधीचे दोन-तीन तास ट्रे त्याच्या खाली, नंतर काही ठिबकत नाही. त्या वेळी मांस पुरतं शिजलेलं नसतं म्हणून हा ट्रे शेवटी १६५ फॅरनहाइटच्या (७४ सेल्सिअस) वर नेल्याशिवाय वाढायचा नाही, आणि त्याचा डाव वेगळा. दोन रंगांच्या मुठीचे डाव आणलेत.

सासूबाई अलिबागच्या, त्यांनी आज पोपटीचा विषय काढला. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, मडकं शेतात उपडं घालून भोवती पाचोळा-गवत पेटवायचं, पाणी थेंबभरही नाही, शेंगा पाल्याच्या वाफेत शिजतात आणि जळत्या गवताचा वास घेऊन बाहेर येतात. इकडे मेन राज्यात बीन-होल बीन्स करतात, खड्ड्यात निखारे, त्यात बिडाचं भांडं, वर माती, रात्रभर. लाकूडतोड्यांच्या छावण्यांमधून चालत आलेली पद्धत. त्यांना व्हिडिओ दाखवला तर म्हणाल्या, "हे बरं, यांनाही मातीचं कळतं." मग थंडीतल्या पोपटीला कोण कोण यायचं ते सांगत बसल्या आणि बीन्स ढवळायचं काम आपणहून त्यांच्याकडे गेलं.

२१ जून, शनिवार

दक्षिणेकडून जोराचं गरम वारं. केटल ३०० च्या वर जायला लागली, वाऱ्याकडची खालची झडप जवळजवळ बंद केली तेव्हा आटोक्यात आली. ट्रेच्या कडा करपायला लागल्या होत्या, पाव कप बीन्सचं पाणी घालून सोडवल्या. शिजवलेलं पाणी कधी फेकायचं नाही, फ्रिजमध्ये बरणीभर ठेवायचं, साध्या पाण्याने सॉस पातळ होतो, याने नाही होत. (फेकायचं ते भिजवलेलं.)

सफरचंदाचं लाकूड पण वापरलं. सौम्य, गोडसर, छान आहे पण बीन्स मुळातच गोड. हिकरीच.

२८ जून, शनिवार

पूर्ण मापाने. नंतर सगळे विचारतील म्हणून इथे नीट लिहिते.

२ पौंड म्हणजे ९०० ग्रॅम कोरडे नेव्ही बीन्स, पंचवीस जणांना बाजूचा पदार्थ म्हणून पुरतात. मिठाच्या पाण्यात रात्रभर, सकाळी धुऊन ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळी, मग आच कमी करून फुंकर लागेपर्यंत. सॉसला दीड कप केचप, पाऊण कपाला थोडं कमी मोलॅसिस, अर्धा कप ब्राउन शुगर, ३ चमचे पिवळी मोहरी म्हणजे ती तयार पेस्ट, पाव कप ॲपल सायडर व्हिनेगर, ३ चमचे सोया सॉस, २ चमचे चिंचेचा कोळ, मिरपूड, आठ-दहा लसूण पाकळ्या, आणि धुरातले दोन मोठे कांदे, टोमॅटो, पोब्लानो चिरून, दोन हालापेन्यो मिरच्या बारीक. चमचा म्हणजे मोठा, टेबलस्पून. दोन कप शिजवलेलं पाणी. ट्रेमध्ये जाताना हे पातळ दिसायला हवं, रस्सा दाण्यांच्या वर बोटभर, घट्ट दिसलं तर चार तासांनी कोरडं होणार.

ब्राउन शुगर एक कपावरून अर्ध्यावर आणली आणि तिथेच थांबणार. इथले बीन्स गोडच असतात आणि असावेत, कॅन्सस सिटीचा सॉसच टोमॅटो-मोलॅसिसचा, पण धूर, तिखट आणि आंबट ऐकू यायला जागा लागते.

लाकूड पहिल्या दोन-अडीच तासांपुरतंच, पुढे नुसता कोळसा. दाण्याला धूर पुरेसा लागल्यावर आणखी दिला तर ठसका लागतो. शेवटचा तास सॉस आळायचा. डाव तळाशी ओढला की क्षणभर ट्रे दिसला पाहिजे आणि मग सॉस सावकाश मिटला पाहिजे, तेवढा दाट झाला की उतरवायचं, गार होताना तो अजून धरतो.

३ जुलै, गुरुवार

बीन्स शिजवून, पसरट भांड्यात गार करून फ्रिजमध्ये. यावेळची पिशवी जुनी असावी, तासाभराचे दीड तासाच्या वर गेले तरी काही दाणे टणकच. जुनं कडधान्य असंच करतं. पाव चमचा सोडा घातला, वीस मिनिटांत मऊ. सोड्याची चव राहू नये म्हणून ते पाणी टाकून दिलं आणि सॉससाठी फ्रिजमधली २१ तारखेची बरणी काढली तर ती आंबलेली, मग एक कप बीन्स वेगळे उकळून त्यांचं पाणी केलं. रात्री साडेदहाला संपलं सगळं.

४ जुलै, शुक्रवार

११ ला केटल पेटवली, साडेअकराला कांदे, पाऊणला कांदे उतरवून ट्रे वर. बीन्स थेट फ्रिजमधले गार, सॉसही गार, सुरुवातीला धूर छान धरला. पहिल्यांदा ढवळलं दीडला, पुढे सासूबाईंनी सांभाळलं, मी चटणी-सँडविचच्या मागे होते. पाचला उतरवले.

वाढताना ट्रे कमी आचेवर केटलवरच ठेवला, १४० फॅरनहाइटच्या (६० सेल्सिअस) खाली जाऊ द्यायचा नाही. बाहेर ९० च्या वर ऊन असेल तर शिजवलेलं अन्न तासाभरापेक्षा जास्त उघडं ठेवू नये, आणि अशा पार्टीत लोक तीन तास येत-जात खातात.

शाकाहारी ट्रे आधी संपला. मांस खाणाऱ्यांनीही त्यातूनच दुसऱ्यांदा घेतलं, आणि शेजारच्या आजोबांनी, जे इथे जन्मभर राहिलेत आणि स्वतः हिकरीवर स्मोक करतात, विचारलं की यात मांस कुठलं घातलंय. कांदा दाखवला. त्यांनी तो काट्यावर उचलून वास घेतला आणि लाकूड किती वेळ ठेवलं होतं ते विचारलं, मग आम्ही झडपा, वारा आणि ब्रिकेट्सवर बराच वेळ बोललो, लोक डिश घेऊन आमच्या भोवती उभे होते.

सासूबाईंनी ते बटाट्याच्या सॅलडबरोबर नाही, गरम भाकरीबरोबर खाल्ले.

५ जुलै, शनिवार

मांसवाल्या ट्रेतले थोडे उरले होते आणि शाकाहारीचे एक डबा, मीच काल लपवून ठेवलेला. आज धूर कालच्यापेक्षा मऊ लागतोय, तिखट टोक गेलं, चिंच पुढे आली. पुढच्या वेळी मुद्दाम आदल्या दिवशी करून, वाढायच्या आधी अर्धा तास धुरावर गरम करावेत असं वाटतंय. सकाळी पावावर घालून वर कच्चा कांदा आणि लिंबू.

६ जुलै, रविवार

आज आषाढी, घरात सगळ्यांचा उपवास, बीन्स फ्रीझरमध्ये. लेबल लावलंय.

मेनकडचे यलो आय बीन्स ऑर्डर केले. थोडा मोठा दाणा आहे, एकाच बाजूला पिवळसर डाग. सप्टेंबरातल्या लेबर डेच्या आधी एकदा भिजवून फुंकर मारून बघायचेत, आणि हिकरीऐवजी पेकन लाकूड.